सुरुवातीला दार बंद

"ही वायर माझी नाही," बळवंत मोहिते तिसऱ्यांदा म्हणाले.

टेबलावर एक लाल वायर ठेवलेली होती. हातभर लांब, दोन्ही टोकांना चिमटे. तिच्या शेजारी एक्केचाळीस पानांची स्पायरल फाईल. खोली रुग्णालयाच्या प्रशासक राजलक्ष्मी भदौरिया यांची. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या ट्रस्टच्या या चार मजली रुग्णालयात मोहिते एकतीस वर्षं लिफ्ट आणि जनरेटर सांभाळत होते. महिनाअखेरीला निवृत्ती होती.

आदल्या दिवशी, मंगळवारी, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं असताना केबिन अचानक वीतभर वर उचलली गेली. स्ट्रेचरची पुढची चाकं आत होती, मागची बाहेर. पेशंट बचावला. स्ट्रेचर आत घेणाऱ्या आया, शांताताई, यांचा एक पाय आत होता आणि एक उंबऱ्यावर. उजवा पाय घोट्यात मोडला.

"आपकी नहीं है, तो किसकी है?" दिग्विजयसिंहने विचारलं. तो लिफ्ट कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, आवाज कधीच न चढवणारा.

दुरुस्ती करताना कधीकधी दार उघडं ठेवून लिफ्ट हलवावी लागते. तेव्हा मेकॅनिक मशीनरूममध्ये, दार बंद की उघडं हे कळवणाऱ्या कॉन्टॅक्टच्या तारांवर, अशी वायर चिमट्यांनी अडकवतो, म्हणजे लिफ्टला वाटतं की दार बंद आहे. त्याला जंपर म्हणतात. काम संपलं की तो काढायचा असतो. काढायचा राहिलेला जंपर हे लिफ्टच्या कामातलं सर्वांत मोठं पाप समजलं जातं, आणि ते केलेला माणूस पुन्हा कुठे कामाला लागत नाही.

ही वायर दिग्विजयसिंहला गच्चीवरच्या मशीनरूममध्ये, कंट्रोलरच्या पॅनेलखाली जमिनीवर मिळाली होती. वेळ बारा वाजून दहा मिनिटं. त्याच्या आधी मशीनरूममध्ये एकच माणूस जाऊन आला होता.

"पाँच मिनट आप वहाँ अकेले थे, मोहिते जी. वायर निकालने के लिए काफ़ी हैं."

"मेन बंद करायला गेलो होतो. बाईचा पाय अडकलेला होता," मोहिते म्हणाले, आणि समोर हिंदी माणसं आहेत हे लक्षात येऊन पुन्हा म्हणाले, "पाँव फँसा था बाई का."

दिग्विजयसिंहने मान हलवली, जणू हे उत्तर त्याला आधीच माहीत होतं. मग फाईल प्रशासकांपुढे सरकवली. "मैडम, यह टेस्टिंग की रिपोर्ट नहीं है. यह प्रूफ है. गणित से सिद्ध किया हुआ है कि दरवाज़ा खुला हो तो हमारा प्रोग्राम लिफ्ट हिला ही नहीं सकता. प्रोग्राम ग़लत नहीं, तो फिर बचा कौन?"

खोलीत तिघं होते. दोघांनी मोहित्यांकडे पाहिलं.

मोहित्यांना या नव्या लिफ्टचा चार वर्षांपूर्वी ती बसली तेव्हापासूनच संशय होता. जुन्या लिफ्टमध्ये दाराची तार थेट मोटरपर्यंत जायची. दार उघडलं की मोटर मेली. नव्या लिफ्टमध्ये तार आधी कंट्रोलरकडे जाते, आणि मोटरचं काय करायचं ते कंट्रोलरमधला प्रोग्राम ठरवतो. मोहित्यांनी तेव्हा विचारलं होतं की हा मधला माणूस कशाला. त्यावर हीच फाईल त्यांना लांबून दाखवली गेली होती.

भदौरिया मॅडम घाईने निर्णय घेणाऱ्या बाई नव्हत्या. प्रूफ करणारी कचेरी इथेच सिटी सेंटरला आहे, त्यांचे इंजिनिअर उद्या येतील, शनिवारी रिपोर्ट होईल, असं त्यांनी सांगितलं. मग थोडं थांबून म्हणाल्या, "तब तक मशीन रूम की चाबी यहाँ रख दीजिए."

मोहित्यांनी कमरेच्या जुडग्यातून चावी सोडवली. कडी घट्ट होती, वेळ लागला. ती त्यांनी वायरशेजारी ठेवली.

*

हाडांचा वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद होती, मोहिते जिन्याने गेले.

शांताताई पाय उंच बांधून पडल्या होत्या. बावीस वर्षं एकाच रुग्णालयात सोबत काढलेली ही दोन माणसं. मोहित्यांना सख्खी बहीण नाही, म्हणून भाऊबीजेला पाटणकर बाजारातल्या घरून शांताताई त्यांच्या दाना ओलीतल्या घरी येऊन त्यांना ओवाळून जायच्या.

"दुखतंय का?"

"मोडलंय तर दुखणारच ना."

मोहिते स्टुलावर बसले नाहीत. उभेच राहिले.

"सगळे म्हणतायत, तुम्ही वायर विसरलात," शांताताई म्हणाल्या.

"मी लावलीच नव्हती."

"मग लिफ्ट वर कशी गेली, भाऊ? तिच्या मनाने?"

"तेच तर कळत नाही मला."

"तुम्हाला नाही कळत, तर मग कोणाला कळणार?" त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. "आणि ऐका. चौकशीवाले आले तर मी जे झालं तेच सांगणार. तुमच्याकडून नाही बोलणार, त्यांच्याकडून पण नाही बोलणार. मला शिकवायला आला असाल तर जा."

"शिकवायला नाही आलो."

"मग कशाला आलात?"

ते जिन्याकडे निघाले.

*

घरी आल्यावर मोहित्यांनी कामाची पिशवी पलंगावर रिकामी केली. पाने, पेचकस, टेस्टर, टेपचं गुंडाळं. जंपर दोन. दोन्हींच्या मधोमध पांढरी टेप. ही त्यांची खूण. दोनच होते आणि दोन्ही होते.

मग त्यांनी मागचे दिवस उलटे मोजले. सोमवारी मशीनरूममध्ये गेलोच नव्हतो. रविवारी झाडू मारला. शनिवारी ब्रेकच्या सांध्यांना तेल दिलं, तेव्हा लिफ्ट हलवायची गरज पडली नाही. की पडली? एका क्षणापुरतं त्यांना आठवेना. तो क्षण त्यांना दिवसभरातल्या सगळ्या बोलण्यापेक्षा वाईट गेला. मग आठवलं. शनिवारी दार बंद करूनच वरखाली केली होती. खाली वॉर्डबॉयशी त्यावरून हुज्जत झाली होती, कारण त्याला जेवणाची ट्रॉली न्यायची होती.

त्यांच्या पत्नी सुनंदाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"नक्की काढली होती ना?" त्यांनी विचारलं.

"लावलीच नव्हती."

"मी तर फक्त विचारलं हो."

"तू पण विचारून घे. सगळे विचारूनच राहिले आहेत."

सुनंदाबाई आत गेल्या. बराच वेळ कढईत उलथनं फिरत राहिल्याचा आवाज येत होता. भाजी केव्हाच शिजली असावी.

*

गुरुवारी सकाळी दहा वाजता आलेली इंजिनिअर मुलगीच निघाली. प्रांजली करकरे. अठ्ठावीस वर्षांची, पाठीवर लॅपटॉपची पिशवी, पायात स्पोर्ट्‌स शूज. चावी दिग्विजयसिंहकडे होती. तिघं जिना चढू लागले. दुसऱ्या मजल्यावर दिग्विजयसिंहचा फोन वाजला आणि चावी प्रांजलीच्या हातात देऊन तो मागे राहिला.

"करकरे म्हणजे कोणते?" मोहित्यांनी विचारलं.

"आजोबा दाना ओलीत राहायचे. आम्ही आता सिटी सेंटरला."

"मी दाना ओलीतच राहतो."

"हो का?" ती म्हणाली, आणि तेवढंच. कंपनीच्या बाजूने आलेली मुलगी, गोड बोलून काय काढून घ्यायचं ते घेईल, असं मोहित्यांनी ठरवलं होतं. ती गोडही बोलत नव्हती, त्यामुळे संशय जरा वाढला.

"हा प्रोग्राम तुम्ही लिहिला?"

"नाही. कंपनीने लिहिला. मी दुसऱ्यांचे प्रोग्राम घेते. त्यातली एक-एक ओळ तर्काच्या भाषेत मांडते, आणि अमुक गोष्ट कधीच होणार नाही, हे सिद्ध करते."

"चालवून बघून?"

"न चालवता. चालवून किती वेळा बघणार, काका? हजार वेळा बघितलं तरी हजार-एकावी वेळ राहूनच जाते. सिद्ध केलं की सगळ्या वेळा त्यात आल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

'सगळ्या' आणि 'कधीच' हे शब्द वापरणाऱ्या माणसांवर मोहित्यांचा विश्वास नव्हता. ब्रेकचे पट्टे विकणारे लोक असे बोलतात. ते दोन पायऱ्या चढून थांबले.

"आम्हाला नववीत भूमिती होती. हिंदी शाळा. पहिले लिहायचं 'दिया है'. मग 'सिद्ध करना है'. मग उपपत्ति. 'दिया है' लिहिलं नाही तर मास्तर बाकीचं वाचतच नसत. तुमच्या फाईलमध्ये 'दिया है' कुठे आहे?"

प्रांजलीने त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. जिन्यातच फाईल उघडली. "पान सहा. अकरा गोष्टी धरून चाललेय मी. गृहीतकं."

"कोणी दिली?"

"काही कंपनीने. काही मी धरली."

"वाचा."

"पहिलं: दाराचा कॉन्टॅक्ट खरं सांगतो. दार उघडं तर उघडं, बंद तर बंद." ती क्षणभर घुटमळली. "जंपर लावला की हे मोडतं. म्हणून ते तुमच्याकडे बोट दाखवतायत. माझी सिद्धता म्हणते, अकराच्या अकरा गोष्टी खऱ्या असतील तर दार उघडं असताना लिफ्ट हलणार नाही. लिफ्ट तर हलली. म्हणजे अकरातली एक तरी खोटी आहे."

"एक तरी. मग पहिलीच का?"

"कारण..." ती थांबली. "कारण वायर सापडली."

"वायर तुमच्या फाईलमध्ये नाही. फाईलमध्ये अकरा गोष्टी आहेत. दहा राहिल्या."

तिने बोट दुसऱ्या ओळीवर नेलं. गच्चीवर पोचेपर्यंत वाचत राहिली. दुसरं गृहीतक: ब्रेक केबिनला धरून ठेवतो. मोहिते म्हणाले, चैत्रात नवे पट्टे घातले आहेत, बघून घ्या. तिसरं: बंद करायचा हुकूम मिळाला की मोटर बंद होते. होते. चौथं, पाचवं. प्रत्येकाला मोहिते लिफ्टमधल्या एखाद्या वस्तूचं नाव घेऊन उत्तर देत होते, आणि ती फाईलच्या कडेला पेन्सिलने खूण करत होती. मशीनरूमचं कुलूप उघडेपर्यंत ती सातव्यावर आली.

"सातवं: सुरुवातीला केबिन थांबलेली आहे आणि दार बंद आहे."

"हे काय?"

"हे लागतंच. बघा, या जिन्यासारखं आहे. मला दाखवायचंय की प्रत्येक पायरीवर एक वाक्य खरं आहे: लिफ्ट हलत असेल तर दार बंद आहे. मी दोन गोष्टी दाखवते. एक, पहिल्या पायरीवर ते खरं आहे. दोन, कुठल्याही पायरीवर खरं असेल तर पुढच्या पायरीवर पण खरंच राहतं. मग झालं ना, वरपर्यंत सगळ्या पायऱ्या आल्या."

"पहिली पायरी म्हणजे?"

"सुरुवात. कंट्रोलर चालू होतो ती वेळ. त्याच्या मेमरीत सुरुवातीला 'दार बंद' असं लिहिलेलं असतं. मग तो कॉन्टॅक्ट वाचतो आणि खरं काय ते लिहून घेतो."

"वाचायला किती वेळ लागतो?"

"सव्वा सेकंद. पण तेव्हा दार बंदच असतं, कारण लिफ्ट बसवून तपासूनच चालू करतात ना."

मोहिते पॅनेलला टेकून उभे होते. ते सरळ झाले.

"ही सुरुवात किती वेळा होते?"

"म्हणजे? एकदाच. लिफ्ट सुरू केली त्या दिवशी."

"बेटा," मोहिते म्हणाले, आणि इथून ते तिला अगंतुगं करू लागले, "तू ग्वाल्हेरचीच ना?"

तिला आधी प्रश्न कळला नाही. मग तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"लाईट," ती म्हणाली.

"उन्हाळ्यात दिवसाला चार वेळा जाते. कधी सहा. गेली की कंट्रोलर मरतो. जनरेटर उचलतो, की कंट्रोलर पुन्हा जिवंत होतो. त्याची तर दर वेळी सुरुवातच झाली की नाही? आणि लाईट जाताना दाराला विचारून जाते का, की बाबा, तू बंद आहेस का?"

"आमच्या ऑफिसात यूपीएस आहे," प्रांजली म्हणाली. "घरी इन्व्हर्टर आहे. मला कळतच नाही कधी जाते ते." हे ती त्यांना सांगत नव्हती.

मोहित्यांनी कोपऱ्यातल्या कपाटातून जनरेटरची वही काढली. लाईट गेल्याची आणि आल्याची वेळ ते रोज लिहीत. कुणी सांगितलं नव्हतं, जनरेटरच्या कंपनीने एकदा कागद मागितले तेव्हापासून सवय लागली होती. मंगळवार: गेली ११.१८, जनरेटर अर्ध्या मिनिटात.

तिने पानाचा फोटो काढला. मग विचारलं, "ही वही तुम्ही मंगळवारीच लिहिलीत? नंतर नाही?"

मोहित्यांनी वही मिटली.

"मला विचारावं लागेल, काका. ते पण विचारतील."

"मंगळवारीच. आणि मला विचारू नको. शांताताईंना विचार. मी सोबत येणार नाही. तू एकटीच जाऊन त्यांना विचार की पहिले काय झालं आणि मग काय झालं."

ती एकटीच गेली. वीस मिनिटांनी उतरली तेव्हा मोहिते जनरेटरपाशी होते. शांताताईंनी सांगितलं होतं: वऱ्हांड्यातले पंखे थांबले, त्या थांबल्या, पंखे फिरू लागले, म्हणून त्यांनी पाय आत टाकला. मग लिफ्ट उचलली. हे तुम्ही आधी कुणाला सांगितलंत का, असं प्रांजलीने विचारलं होतं. कुणी विचारलंच नाही, असं शांताताई म्हणाल्या होत्या. सगळे वायरचंच विचारत होते.

*

चार वाजता प्रांजलीचा फोन आला.

"सातवं गृहीतक काढून टाकलं," ती म्हणाली. "सुरुवातीला दार कसंही असू शकतं, असं लिहिलं आणि माझ्या कॉम्प्युटरला पुन्हा सिद्ध करायला सांगितलं. मागच्या वेळी सिद्ध व्हायला चाळीस मिनिटं लागली होती. आज दोन मिनिटांत नाही म्हणाला. उलट उदाहरण काढून दिलं. वाचून दाखवू?"

"दाखव."

"पायरी शून्य: लाईट येते. दार उघडं, मेमरीत बंद. पायरी एक: वरच्या मजल्याचं दाबलेलं बटण, म्हणजे कॉल, आधीपासून शिल्लक. कॉल बॅटरीवर जपलेले असतात, ते लाईट गेली तरी पुसले जात नाहीत. पायरी दोन: मोटर चालू. पायरी तीन: कॉन्टॅक्ट वाचला, दार उघडं, मोटर बंद. दोन आणि तीनच्या मध्ये सव्वा सेकंद."

"सव्वा सेकंदात एक वीत."

"मी पण तेच मोजलं."

फोनमधून तिने पान उलटल्याचा आवाज आला.

"चार वर्षं हे तिथेच होतं," ती म्हणाली. "सातव्या नंबरवर. माझ्याच हातचं. कंपनीचं नाही, मीच धरलेलं."

मोहित्यांना काहीतरी समजुतीचं बोलावंसं वाटलं. पण हिच्याच फाईलवर बोट ठेवून त्यांच्याकडून चावी काढून घेतली होती. ते म्हणाले, "उद्या लिफ्टवर करून बघू. कागदावरचं मला कळत नाही."

शुक्रवारी अकरा वाजता तळमजल्यावर करून पाहिलं. केबिन रिकामी, दार फळी लावून उघडं धरलेलं, चौथ्या मजल्याचं बटण दाबलेलं. वायर कुठेच नाही, हे दिग्विजयसिंहने स्वतः दोनदा वर जाऊन पाहिलं. पहिल्यांदा मेन बंद करून चालू केलं तेव्हा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. दिग्विजयसिंह भिंतीला टेकून उभा राहिला. प्रांजलीने लॅपटॉपवर काही पाहिलं आणि म्हणाली, कॉल नुकता दाबलेला नको, मेन बंद करण्याआधी दहा सेकंद जाऊ द्या, म्हणजे तो बॅटरीवर लिहिला जाईल.

तिसऱ्या वेळी केबिन उघड्या दारासकट वीतभर वर उचलली गेली आणि थांबली.

दिग्विजयसिंह बराच वेळ त्या फटीकडे पाहत उभा होता. मग फोन घेऊन बाहेर अंगणात गेला. परत आला तेव्हा इतकंच म्हणाला, "नया वर्ज़न भेज रहे हैं. पंद्रह दिन लगेंगे."

*

शनिवारी प्रशासकांच्या खोलीत रिपोर्ट वाचला गेला. हिंदीत, दीड पान. प्रोग्रामच्या सिद्धतेतली एक 'मान्यता', म्हणजे गृहीतक, स्थानिक वीजपुरवठ्याला धरून नव्हती. ती सुधारण्यात येत आहे. सुधारणा होईपर्यंत लाईट गेली की लिफ्ट हाताने चालू करावी. त्यानंतर शेवटचं वाक्य होतं: 'मैकेनिक श्री बलवंत मोहिते की लापरवाही सिद्ध नहीं हुई.'

"बधाई हो," दिग्विजयसिंह म्हणाला. तो मनापासून म्हणाला असावा.

मोहित्यांनी कागद हातात घेतला. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.

"मैडम, सिद्ध नहीं हुई, या थी ही नहीं?"

"एक ही बात है, मोहिते जी."

मोहित्यांनी प्रांजलीकडे पाहिलं. ती टेबलाच्या कडेकडे बघत होती.

"एक आहे का?" त्यांनी मराठीत विचारलं.

"नाही, काका. एक नाही." ती हळू बोलत होती, पण शब्द मोजून. "मी इतकं सिद्ध करू शकते की तुमच्या वायरशिवाय हे होऊ शकतं. मंगळवारी ते वायरशिवायच झालं, हे मला सिद्ध करता येत नाही. मंगळवारी वायर लावलेली असती, तरी लिफ्ट अशीच वर गेली असती आणि स्ट्रेचर अडकून वीतभरावर थांबली असती. दोन्ही गोष्टींचा शेवट एकच दिसतो."

"म्हणजे तुलाही माहीत नाही."

"मला वाटतं, तुम्ही लावली नव्हती."

"वाटणं फाईलमध्ये चालत नाही ना."

"नाही चालत."

भदौरिया मॅडमना मराठी येत नव्हतं, पण काय चाललंय ते त्यांना कळलं असावं. त्या म्हणाल्या, "वायर किसकी थी, यह पता नहीं चला. जनवरी में कंपनी के लोग भी सर्विस के लिए आए थे. हम इससे ज़्यादा नहीं लिख सकते. आपके ख़िलाफ़ कुछ नहीं है इसमें."

"मेरे पक्ष में भी कुछ नहीं है," मोहिते म्हणाले.

दिग्विजयसिंहने घसा खाकरला. "घर जाकर अपने जंपर गिन लीजिए, तसल्ली हो जाएगी."

"गिने. दो थे, दो हैं."

"तीसरा भी तो हो सकता है," तो म्हणाला, आणि लगेच त्याला आपण बोलल्याचं वाईट वाटलेलं दिसलं. पण बोललेलं चूक नव्हतं. दोन वायर घरात आहेत यावरून तिसरी कधी नव्हती हे ठरत नाही. मोहित्यांनाही ते दिसत होतं. या चार दिवसांत त्यांना ते आधीपेक्षा जास्त स्पष्ट दिसू लागलं होतं, आणि त्याचा राग कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

खाली सहीची जागा होती. वर छापलेलं: 'पढ़ लिया, सहमत हूँ.' मोहित्यांनी टेबलावरचं पेन घेतलं. 'सहमत हूँ' या शब्दांवर एक सरळ रेघ ओढली, फूटपट्टीने ओढावी तशी, आणि खाली सही केली.

मॅडमनी ते पाहिलं. कागद फाईलला लावला.

प्रांजली त्यांच्यासोबत फाटकापर्यंत आली. तिच्या कचेरीने या कंट्रोलरच्या बाकी तेवीस लिफ्टच्या सिद्धता परत उघडल्या होत्या. त्या सगळ्यांत सातवं गृहीतक तेच होतं. पुढचा महिनाभर हेच काम, असं ती म्हणाली.

"त्यांच्या मेकॅनिकांना विचार," मोहिते म्हणाले. "फाईल घेऊन जा आणि वाचून दाखव. अकराच्या अकरा."

*

नवा प्रोग्राम बसला त्याला सहा दिवस झाले होते आणि मोहित्यांच्या नोकरीचे तीन दिवस उरले होते, तेव्हा शांताताई प्लॅस्टर दाखवायला आल्या. मुलाने रिक्षातून उतरवून दिलं आणि तो केसपेपर काढायला खिडकीशी गेला. त्या वॉकर धरून लिफ्टसमोर उभ्या राहिल्या. मोहिते जनरेटरच्या खोलीतून येत होते.

"बरं आहे का?"

"बरं कसलं. ऊन बघा."

लिफ्ट खाली आली. दार उघडलं. आत कुणी नव्हतं. शांताताई जागच्या हलल्या नाहीत.

"रिपोर्टमध्ये काय लिहिलं हो तुमचं?" त्यांनी विचारलं.

बऱ्याच जणांनी हे विचारलं होतं आणि मोहित्यांनी बऱ्याच जणांना 'सुटलो' असं सांगून टाकलं होतं. सुनंदाबाईंनाही तेच सांगितलं होतं.

"लिहिलंय की माझी चूक सिद्ध झाली नाही."

"म्हणजे नव्हती?"

"तसं नाही लिहिलं."

शांताताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. दार बंद व्हायला लागलं. मोहिते पुढे झाले आणि एक पाय आत ठेवला, एक उंबऱ्यावर. दार त्यांच्या खांद्याला लागून मागे गेलं.

"जिना चढवणार नाही मला," शांताताई म्हणाल्या.

"हो."

त्यांनी वॉकर उचलून अर्धी पावलं टाकली आणि पुन्हा थांबल्या. वऱ्हांड्यातले पंखे फिरत होते. त्यांनी मान वर करून एकदा ते पाहिले, मग खाली मोहित्यांच्या पायाकडे पाहिलं. मोहिते हलले नाहीत. दार आलं, खांद्याला लागलं, मागे गेलं. पुन्हा आलं, पुन्हा मागे गेलं.

शांताताईंनी वॉकरचे पुढचे दोन पाय केबिनमध्ये टेकवले.